वाढत्या अंगाची खुर्ची

मास्तरांनी शिवलेला कपडा पहिल्या दिवशी कुणाला नीट बसला, असं आयुष्यात कधी झालं नाही. आणि यात त्यांची बदनामी नव्हती, उलट कीर्ती होती. मास्तर शाळेचे गणवेश शिवत. बाया पोरांना दंडाला धरून दुकानात आणत आणि माप घ्यायच्या आधीच बजावत, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा बरं का!" मास्तर टेप गळ्यात अडकवत म्हणत, "बाई, हे तुम्ही मला सांगताय?" मग शर्टाचे खांदे पार कोपराकडे उतरत, चड्डी गुडघ्याखाली लोंबे, कमरेला आत इतकं कापड दुमडलेलं असे की पोराला बसताना टोचे. पहिल्या वर्षी पोर त्या कपड्यात हरवून जाई, दुसऱ्या वर्षी सापडे. पोर एखाद वेळेस नापास होई, पण मास्तरांचा गणवेश वरच्या वर्गात गेल्याशिवाय राहत नसे.

पुढे तयार गणवेश आले, ज्याला त्याला आपल्या मापाचे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले. दुकान गेलं. मशीन घरी आलं आणि खिडकीशी बसलं. मास्तरांची बायको त्याच सुमाराला गेली. लेकीचं लग्न तर आधीच होऊन ती दूरच्या गावी होती. आता मास्तर कुणाच्या पँटची चेन बदल, कुणाच्या पडद्याला पट्टी लाव, असली किरकोळ कामं करत. कापायचं टेबल तेच जेवायचं टेबल. जेवायला बसताना ते चिंध्या हाताने बाजूला सारत आणि ताटापुरती जागा करत. एकट्याला किती जागा लागते? जेवण उभ्या उभ्यासुद्धा होतं, आणि बरेचदा ते तसंच उरकत. मशीन चालू असलं की बरं वाटे. बंद केलं की घर खायला उठे.

अशात लेकीची बदली याच शहरात झाली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला आली. बरोबर जावई आणि एक वर्षसुद्धा पुरं न झालेला नातू. त्याचा चेहरा गोल, मधोमध डोळे दोन भोकांसारखे लुकलुकणारे. मास्तरांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हाच म्हणाले, "हे तर बटण आहे!" तेव्हापासून तो बटणच झाला.

लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. बटणाला दिवसभर ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. ऑफिसजवळ एक पाळणाघर होतं. मास्तरांनी ते ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी काय मेलोय का?"

"तसं नाही हो बाबा," लेक हसली. "पण तो जेवायला फार छळतो. तुम्हाला झेपेल का? या रविवारी त्याला घेऊन येते. तुमच्याकडे रमतो का, चार घास खातो का, ते बघू. मग ठरवू."

झालं. मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. रोज सकाळी बटण येणार, संध्याकाळी जाणार. मध्ये एक आख्खा दिवस. त्यांनी त्या दिवसाचे तुकडेसुद्धा पाडून टाकले: एवढा झोपेचा, एवढा खिडकीत बसायचा, एवढा जेवणाचा. जेवणाशी आल्यावर लक्षात आलं की बटण बसणार कुठे? खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांची मुलं मोठी होऊन त्यांना मिशा फुटल्या होत्या, पण त्यांची लहानपणची जेवायची उंच खुर्ची माळ्यावर धूळ खात होती. सिस्टर म्हणाल्या, "न्या, न्या. माळा तरी मोकळा होईल."

खुर्ची लाकडी, पाय फाकवून उभी राहणारी, दणकट. समोर सरकवायचा ट्रे, खाली पाय टेकायला फळी, आणि कमरेला, खांद्यांना, मांड्यांच्या मधून असे पट्टे, सगळे एका क्लिपमध्ये अडकणारे. मास्तरांनी ती गरम पाण्याने धुतली. खिळे हलवून बघितले. पायांना रबर बसवलं, म्हणजे फरशीवर सरकायला नको. मग गादी शिवली. जाड फोम, वर लाल रेक्झिन, चकचकीत. सांडलं तर फडक्याने पुसलं की साफ. कडेने पांढरा गोट घातला. इतकं मन लावून त्यांनी बऱ्याच वर्षांत काही शिवलं नव्हतं.

आणि पट्टे? पट्टे त्यांनी वाढत्या अंगाचे ठेवले. सवयच ती. हात आपोआप तिकडे गेला. पाय टेकायची फळीही खालच्या खाचेत बसवली. आज पोचणार नाहीत पाय, पण पुढच्या वर्षी पोचतीलच ना? खुर्चीकडे लांबून बघताना मास्तरांना त्यात आजचा बटण दिसतच नव्हता. दिसत होता तो पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचा, शाळेला जायच्या आधी घाईघाईने दूध पिणारा. एवढी सगळी वर्षं त्यांनी त्या खुर्चीत मोजूनमापून बसवली होती.

रविवारी लेक आली. लाल खुर्ची बघून हरखली. "बाबा, हे तुम्ही केलंत? दुकानातली वाटते!" बटणाला खुर्चीत ठेवलं, क्लिप लावली. बटणाने ट्रेवर दोन्ही हात आपटले. मास्तरांनी त्याच्यासमोर स्टूल ओढलं. लेकीने बटाटा कुस्करून वाटीत दिला आणि ती ओट्याशी दुधाची बाटली धुवायला वळली.

पहिला घास गेला, दुसराही गेला. मास्तरांना वाटलं, जिंकलो. तेवढ्यात बटणाला मशीनवरचं निळं रीळ दिसलं. त्याने पाय झाडले. पायाखाली काही नव्हतंच. रेक्झिन गुळगुळीत. बटण थोडा खाली सरकला, मग आणखी थोडा. नाक ट्रेपर्यंत आलं. डोळे तेवढे वर राहिले, गोल गोल.

मास्तरांना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, पोर लपाछपी खेळतंय.

"अरे, कुठे गेलं आमचं बटण?" ते टाळी वाजवून म्हणाले. "कुठे गेलं? हे काय... गेलं, गेलं..."

बटणाचा आवाज आला नाही. हनुवटी ट्रेच्या कडेला अडकली होती, हात वर गेले होते, धड खाली लोंबत होतं. मास्तर हसत होते. लेकीने मागे वळून बघितलं, तिच्या हातातली बाटली सिंकमध्ये पडली, आणि पुढच्या क्षणी तिने ट्रे उपसून फेकला होता आणि बटण तिच्या छातीशी होता. मग तो रडला. एकदम भोकाड पसरून रडला, आणि ते रडणं ऐकून दोघांच्या जिवात जीव आला.

काही झालं नव्हतं. हनुवटीखाली एक लाल रेघ तेवढी उमटली होती. लेकीने त्याला थोपटत थोपटत एका हाताने रिकाम्या खुर्चीचा पट्टा उचलला. क्लिप तशीच लागलेली होती. तिने पट्टा ताणून धरला. त्यात दोन बटणं मावली असती.

"बाबा, क्लिप न सोडता हा आख्खा यातून निघाला."

"ते... वाढत्या अंगाचं ठेवलं होतं," मास्तर म्हणाले.

"पण तो आज बसलाय ना यात!" लेकीचा आवाज चढला. "आज!"

मास्तर वाकून फेकलेला ट्रे उचलू लागले. लेकीलाही आपण ओरडलो याचं वाईट वाटलं असावं. तिने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली. निघताना मास्तरांनी जिन्याशी विचारलं, "मग ठेवशील ना याला माझ्याकडे?" लेक म्हणाली, "बघू, बाबा." लहानपणापासून तिचं 'बघू' मास्तरांना ठाऊक होतं. तिला एखादी गोष्ट करायची असली की ती 'हो' म्हणायची.

ती गेल्यावर मास्तर बराच वेळ त्या खुर्चीसमोर बसून राहिले. आपण टाळी वाजवली, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. पोराचा श्वास कोंडत होता आणि आपण टाळ्या वाजवत होतो. हे सांगायलासुद्धा घरात कुणी नव्हतं.

पण बसून राहणारा माणूस तो नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली जाऊन सिस्टरांना सगळं सांगितलं, टाळीसकट. सिस्टर रागावल्या नाहीत. उलट बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "मास्तर, पट्टा म्हणजे शर्ट नव्हे. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये जेमतेम बोट शिरलं पाहिजे, हात नाही. मांड्यांमधला पट्टा लावल्याशिवाय तर बसवायचंच नाही. ढुंगण पार मागे टेकलेलं हवं. आणि पाय! पाय लोंबकळत असले की पोराला आधार वाटत नाही, मग ते घसरतं, कंटाळतं, खात नाही. तुम्ही नाही का मशीनवर बसल्यावर पाय पायट्यावर ठेवत?"

हे मास्तरांना पटलं. पायटा नसलेल्या मशीनवर त्यांना एक टाका घालता आला नसता. घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "बटणाचं माप हवंय. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत. आणि बसल्यावर कमरेचा घेर. दूध पिण्याआधीचा नको, नंतरचा घे."

"बाबा, तो एका जागी राहतोय का माप घ्यायला?"

"माझ्याकडे यायची ती पोरं काय पुतळे होती? त्याच्या हातात काहीतरी दे आणि मग घे."

पलीकडून धडपड ऐकू आली, लेकीचं हसू, बटणाचा निषेध, पुन्हा हसू. मग आकडे आले. मास्तरांनी ते दोनदा म्हणून घेतले आणि फोन ठेवायला जरा उशीर केला.

लाल रेक्झिन उसवलं. त्याजागी खरखरीत जाडंभरडं सुती कापड घातलं, घसरायचं नाव नको. फोम निम्मा केला. पायाची फळी वरच्या खाचेत बसवली तरी बटणाच्या पायांना पुरत नव्हती, म्हणून तिच्यावर लाकडाचा तुकडा बसवला. ट्रे पोटाजवळ आला पाहिजे पण टोचता कामा नये, म्हणून त्याच्या कडेला मऊ पट्टी लावली. राहिला पट्टा. त्याची सरकती कडी झिजली होती, ओढलं की सुटायची. मास्तरांनी कडीचा नाद सोडला. जास्तीचा पट्टा आत दुमडला आणि मापावर आणून मशीनवर फुलीची शिलाई घातली, एकावर एक, बैल बांधला तरी सुटणार नाही अशी. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आजच्या अंगाचं काहीतरी शिवलं.

यात थोडी लबाडी होती, ते लपवण्यात अर्थ नाही. नवी कडी बाजारात मिळाली असती. पण कडी असली की कुणीही ओढून सैल करतं, कुणीही घट्ट करतं. शिलाई असली की शिंप्याकडे यावं लागतं. मूल वाढणार, पट्टा काचणार, मग मास्तरांशिवाय कोण उसवणार? उद्या लेकीने बटणाला रोज नाहीच ठेवलं, तरी अधूनमधून त्याला इथे आणावंच लागेल. एवढी तजवीज करून त्यांनी दोरा तोडला.

पुढच्या रविवारी बटण खुर्चीत बसला तो जणू त्या खुर्चीतच जन्माला आला होता. तळपाय लाकडावर सपाट. पाठ ताठ. लेकीने पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. बोट गेलं आणि तिथेच थांबलं. तिने मान डोलावली. या वेळी मास्तरांनी रीळ कपाटात ठेवलं होतं आणि नजर बटणावरून हलवली नाही. बटणाने बटाटा खाल्ला, केळं खाल्लं, वाटी चाटली आणि आणखी मागण्यासाठी ट्रे वाजवला.

"मी हे कधी बघितलं नाही," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "घरी एकेका घासासाठी मी त्याच्यामागे रांगते, बाबा."

मास्तरांची छाती फुगली. आता ती म्हणेल, असं त्यांना वाटलं. आता म्हणेल.

"बाबा, एक विचारू? ही खुर्ची मी घरी नेली तर?"

मास्तरांना कळायला वेळ लागला नाही. खुर्ची तिकडे जाणार म्हणजे पोर इकडे येणार नाही. लेकच पुढे बोलली. पाळणाघरात तिने जागा घेऊन टाकली होती. "तुमच्यावर भरवसा नाही असं नाही. पण त्या दिवशीचं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी ऑफिसात बसेन आणि माझं चित्त इथे असेल. मला नाही जमणार, बाबा. रागावू नका."

"रागवायचं काय त्यात?" मास्तर म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर मीही असंच केलं असतं." ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

खुर्ची त्यांनी स्वतः खाली नेली. लेक नको नको म्हणत असताना जिन्यात दोनदा टेकवत नेली, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि वर जुनी चादर घातली. मग बटणाच्या गालाला बोट लावून लेकीला म्हणाले, "हे बघ, हा वाढला की पट्टा काचेल. क्लिप लागायला जड जायला लागली की समजायचं. तसंच रेटू नकोस. त्याला घेऊन इकडे ये, मी उसवून पुन्हा मापावर आणून देतो. पाच मिनिटांचं काम."

"आणते," लेक म्हणाली.

नंतरचे दिवस मास्तरांनी एका विचित्र आशेवर काढले. बटणाला भूक लागू दे, एवढंच ते देवाकडे मागत. फोनवर पहिला प्रश्न हाच, "खातो ना?" लेक म्हणे, "खुर्चीत बसला की सगळं खातो." मास्तर म्हणत, "दे, दे. अजून एक केळं देत जा." रस्त्यात कुणाच्या कडेवर पोर दिसलं की नजरेने त्याच्या पोटाचा घेर घेत आणि मनात म्हणत, आमचा एवढा झाला असेल आता. रविवार आले आणि गेले. एकदा बटणाला सर्दी, एकदा जावयाकडचे पाहुणे, एकदा लेकीलाच ऑफिसात बोलावलेलं. कुणाचाच दोष नव्हता. मास्तर दर रविवारी मशीनला तेल घालत, उसवायचं हत्यार खिडकीत मांडून ठेवत आणि संध्याकाळी पुन्हा पेटीत टाकत.

मग एका दुपारी फोन आला. मास्तर कुणाच्या तरी पडद्याची घडी घालत होते.

"बाबा, पट्टा काचायला लागला होता हो!" लेकीचा आवाज खुशीत होता. मागे बटणाचा ट्रे वाजत होता.

"म्हटलं नव्हतं मी?" मास्तर उठून उभेच राहिले. पडदा मांडीवरून घसरून खाली पडला. "म्हटलं होतं की नाही? मग कधी येताय? रविवारची वाट कशाला बघायची, संध्याकाळी या. मी मशीन..."

"नाही, नाही, झालंसुद्धा. काल मीच उसवला."

"तू?"

"मग! शिंप्याची लेक आहे मी. काय शिलाई घातली होतीत हो, बाबा, अर्धी रात्र गेली. पण तुम्ही शिकवलंय ना, कापड ओढायचं नाही, एकेक टाका कापत जायचं. तसंच केलं. पट्ट्याचा एक धागा निघू दिला नाही. मग पोटाला लावून माप घेतलं, एक बोट ठेवलं, आणि हातानेच शिवला."

लहानपणी ती टेबलाखाली बसून चिंध्यांवर शिलाई करायची आणि करून झाली की वर धरून दाखवायची. तिला आत्ताही शाबासकी हवी होती, हे आवाजावरून कळत होतं. ती न देणं त्यांना शक्य नव्हतं.

"उलटा टाका घातलास?" त्यांनी विचारलं.

"दुहेरी दोऱ्याने घातला. ओढून बघितला, हलत नाही."

"छान केलंस."

"पुढच्या वेळेलाही मीच करीन. तुम्हाला कशाला त्रास?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. खिडकीशी मशीन झाकण काढून तयार होतं. "म्हणजे आता काही अडत नाही तुझं."

"काही अडत नाही, बाबा," लेक आनंदाने म्हणाली.